मालिकेनंतरचे तीन सेकंद: जुन्या टीव्ही निर्मितीसंस्थांचे लोगो आणि ते कॅसेटमधून वाचवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका संपते, नावं सरकून जातात आणि शेवटी दोन-तीन सेकंद एखादी फिरती चकती, एखादा देव, एखादं चकाकतं अक्षर दिसतं. त्या काळी तोवर कुणी तरी उठून टीव्ही बंद केलेला असायचा. नाशिकमध्ये माळ्यावरच्या कॅसेट खाली काढून हे लोगो शोधणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नेमकं कशाला निर्मितीसंस्थेचा लोगो म्हणायचं?

तीन गोष्टींची कायम गल्लत होते. पहिली वाहिनीचं चिन्ह, दुसरी प्रायोजकाची पाटी, तिसरी निर्मितीसंस्थेची मुद्रा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. केंद्रात बनणाऱ्या कार्यक्रमांना वेगळी निर्मितीसंस्था नसायची, त्यामुळे त्यांच्या शेवटी केंद्राचंच नाव येतं. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचं युग आलं. बाहेरच्या निर्मात्यांच्या मुद्रा घराघरात दिसायला लागल्या त्या तेव्हापासून. म्हणजे १९८४ च्या आधीच्या रेकॉर्डिंगात खाजगी लोगो शोधत बसाल तर बहुतेक हात हलवत परत याल. अपवाद शनिवारच्या मराठी आणि रविवारच्या हिंदी चित्रपटांचा, कारण तिथे सिनेमाच्या संस्था आपापली चिन्हं घेऊनच यायच्या.

दूरदर्शनचा तो फिरणारा डोळा कुणी केला?

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकणाऱ्या देवाशिस भट्टाचार्य यांनी. वर्तुळाभोवती दोन वक्र असं मूळ रेखाटन. त्याला चाल दिली त्याच संस्थेतल्या आर. एल. मिस्त्री यांनी. चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, फिरवायच्या, टिपायच्या, आणि शेवटी सगळं मिळून डोळा तयार होईल असं जुळवायचं. संगीत पंडित रविशंकर यांचं, सनई उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं आणि हे चिन्ह पडद्यावर आलं. यात संगणकाचा काडीचाही हात नाही, हे नवीन मुलांना सांगितलं तर पटत नाही.

सिनेमावाल्यांची चिन्हं टीव्हीवर कशी आली?

टीव्हीच्या आधी आपल्याकडे बोधचिन्हांची परंपरा होतीच. प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री घ्या: संस्था १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्यात गेली, आणि दूरदर्शनवर तिचे चित्रपट लागले की ती तुतारी पुढच्या पिढीच्याही कानात बसली. ऐंशीच्या दशकात तीच मंडळी, निदान त्याच धंद्यातली मंडळी, मालिकांकडे वळली. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं ते रामानंद सागरांचं, ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला, बी. आर. चोप्रांचं. बी. आर. फिल्म्सच्या चिन्हाचं लॅटिन ब्रीदवाक्य ‘आर्स लाँगा, व्हिटा ब्रेव्हिस’ ठाऊक असलेले थोडेच, चिन्ह ओळखणारे मात्र ढीगभर. नव्वदीनंतर टीव्हीसाठीच निघालेल्या संस्था आल्या, उदाहरणार्थ १९९० ची यूटीव्ही आणि १९९४ ची बालाजी टेलिफिल्म्स. त्यांचे लोगो शोधायला सर्वात सोपे, कारण तोवर केबल आणि रोजच्या मालिका दोन्ही आल्या होत्या.

एक आडवळण: दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि त्यांच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचं काम नाशकातच चालायचं. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकात फिरताना ‘पडद्यावर संस्थेचं नाव’ हा प्रकार या गावाला किती जुना आहे, ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

परदेशी लोगोंचं एवढं कौतुक का? ते इथे दिसायचे तरी कुठे?

१९९१ ला स्टार टीव्हीचे उपग्रह कार्यक्रम आले आणि गल्लोगल्ली केबल ओढली गेली, तेव्हा. अमेरिकन मालिकांच्या शेवटचे लोगो मुळात छोटी नाटकं असतात. मार्क सेव्हनचा हातोडा पोलादावर शिक्का ठोकतो. एमटीएमचं मांजरीचं पिल्लू सिंहाच्या थाटात ‘म्याव’ करतं. निर्माता स्टीफन कॅनल टाइपरायटरवर लिहून कागद भिरकावतो आणि त्याचं इंग्रजी ‘सी’ अक्षर बनतं. उबू प्रॉडक्शन्सच्या लोगोत ‘सिट, उबू, सिट’ म्हटल्यावर कुत्रा भुंकतो. स्क्रीन जेम्सच्या १९६५ पासूनच्या लोगोचं संगीत इतकं अंगावर येणारं की तिकडच्या शौकिनांनी त्याला ‘नरकातला एस’ म्हटलं, आणि व्हायकॉमच्या १९७६ च्या लोगोला ‘विनाशाचा व्ही’. लहान मुलं याला खरोखर घाबरायची.

हे सगळं ऑनलाइन आहेच की. कॅसेट कशाला उपसायच्या?

मालिका आहेत, लोगो नाहीत. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले की नवा मालक शेवटचे तीन सेकंद कापतो आणि आपला लोगो चिकटवतो. मोबाइलवर बघायला म्हणून चौकोनी चित्र वरून-खालून छाटून रुंद करतात, त्यात तळाचं संस्थेचं नाव जातं. ‘रामायण’ २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत पुन्हा दाखवलं तेव्हा कोट्यवधींनी पाहिलं, पण १९८७ च्या एखाद्या रविवारी त्याच्या आगेमागे काय काय लागलं होतं, ते फक्त त्या दिवशी रेकॉर्डचं बटण दाबलेल्या घरात आहे.

नाशकात कॅसेट शोधायच्या कुठे?

आधी लग्नाच्या कॅसेट बघा. हा विनोद नाही. ई-१८० कॅसेटमध्ये तीन तास मावतात, अडीचशे मीटरच्या वर फीत असते. लग्नाचं चित्रीकरण दीड-दोन तासांत उरकायचं आणि उरलेल्या फितीवर घरातलं कुणी तरी मालिका, क्रिकेट, ‘छायागीत’ भरायचं. शिवाय कार्यक्रम संपला तरी रेकॉर्डिंग लगेच बंद व्हायचं नाही, रिमोट सापडेपर्यंत चालूच. आपल्याला हवे असलेले सेकंद त्या विसराळूपणातच टिकले आहेत. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम: कॅसेट पूर्ण शेवटापर्यंत चालवायची. ‘पुढे काही नाही, मुंग्या आहेत’ म्हणून थांबायचं नाही. दहा मिनिटांच्या मुंग्यांनंतर आधीच्या रेकॉर्डिंगचं शेपूट निघतं.

दुसरी जागा म्हणजे बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररींचा माल. पण भाड्याच्या कॅसेटमध्ये प्रसारणाचं काही नसतं, कॅसेट काढणाऱ्या कंपनीचे लोगो असतात. तेही जमवणारे आहेत. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे कॅसेट दिसल्या तर आधी आतली फीत दिसते ती पारदर्शक खिडकी बघा, मग भाव करा.

खिडकीत काय बघायचं?

फितीच्या गुंडाळीची कड काळी, सपाट, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी दिसली पाहिजे. पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर बुरशी. कडेला लाटा दिसल्या तर फीत सैल पडली आहे.

बुरशी लागलेली कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशीचे कण फीत वाचणाऱ्या हेडवर आणि ती ओढणाऱ्या रोलरवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. आधी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर दोन आठवडे ठेवा. सुकली की बुरशी भुकटी होते. मग गच्चीत किंवा गॅलरीत, एन-९५ मास्क लावून, कॅसेट पालथी करून पाच स्क्रू काढा. वरचं झाकण सरळ उचला, नाही तर रिळांच्या लॉकची बारीक स्प्रिंग उडते. फोनवर एक फोटो काढून ठेवा, फीत कुठल्या पिनेमागून जाते ते नंतर आठवत नाही. दोन्ही रिळं दुसऱ्या, स्वच्छ खोक्यात बसवा. कडेची भुकटी मऊ ब्रशने झाडा. त्यानंतर फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्या, तीही ‘बळीचा बकरा’ म्हणून ठेवलेल्या जुन्या व्हीसीआरवर.

नाशिकची हवा कोरडी म्हणून लोक निर्धास्त असतात. पण जून ते सप्टेंबर भिंतीलगतचं कपाट आणि पत्र्याखालचा माळा या दोन्ही जागा कॅसेटला वाईट: पहिलीत ओल, दुसरीत एप्रिल-मेची भट्टी.

व्हीसीआर कुठला घ्यावा?

नवा मिळणार नाही. फुनाई या शेवटच्या उत्पादकाने जुलै २०१६ ला उत्पादन थांबवलं. जुना घेताना ब्रँडच्या मागे लागू नका, चार गोष्टी तपासा. कॅसेट आत-बाहेर विनातक्रार होते का. पुढे-मागे पळवताना वेग मध्येच मंदावतो का. मंदावत असेल तर रिळं फिरवणाऱ्या आयडलर चाकाचा रबर किंवा पट्टा गेलेला. फीत ओढणारा रबरी पिंच रोलर नखाने दाबला तर मऊ लागतो का, की काचेसारखा चकाकतो. आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल खोबणीतून चित्र-आवाज निघतो का. अँटेनाच्या खोबणीतून घेतलेलं चित्र ओळखण्यापुरतं ठीक, जतन करण्यापुरतं नाही.

रबर झिजलेला व्हीसीआर कॅसेट ‘खातो’ म्हणजे काय होतं, ते समजून घ्या. फीत बाहेर काढून हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली जाते. थांबवल्यावर ती परत ओढून घेणारं रिळ फिरत नाही, आणि दार मिटताना लोंबणारी फीत चिमटीत सापडते. अशा वेळी इजेक्ट पुन्हा पुन्हा दाबू नका. प्लग काढा, वरचं झाकण उघडा, लोडिंग मोटरची चकती बोटाने हळूहळू फिरवून फीत मोकळी करा. घडी पडलेला भाग कापायची घाई करू नका. चित्रात आडवी पट्टी येईल, पण काहीतरी दिसेल. तुटलीच तर व्हिडिओ फितीची जोडपट्टीच वापरा आणि ती चकचकीत नसलेल्या मागच्या बाजूने लावा. सेलोटेपचा चिकटपणा उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडवर जातो.

हेड कसे साफ करायचे?

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, रसायनांच्या दुकानात मिळतं. मेडिकलमधलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कापसाची काडी हेडला लावायची नाही. धागा हेडच्या टोकात अडकतो आणि टोक तुटतं. शॅमॉय चामड्याचा तुकडा, नाहीच तर साधा पांढरा, न चकाकणारा कागद अल्कोहोलने भिजवा, ६२ मिलिमीटर व्यासाच्या त्या ड्रमला एका बोटाने हलकेच टेकवून ठेवा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. बोट स्थिर, ड्रम फिरता. वर-खाली घासलंत तर हेड गेलं. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर कागदावर तपकिरी रेघ उमटते, तीच घाण. अर्धा तास सुकू द्या. पावसाळ्यात व्हीसीआर बंद खोलीतून आणला असेल तर दोन तास उघड्यावर ठेवून मगच लावा. ओल्या ड्रमला फीत चिकटते.

संगणकात उतरवायचं कसं?

यात चुकाच जास्त होतात, म्हणून थोडं सविस्तर.

आपलं प्रसारण पॅल पद्धतीचं: ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६, सेकंदाला २५ चौकटी, आणि प्रत्येक चौकट एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या क्षेत्रांची. म्हणून कॅप्चर, म्हणजे चित्र संगणकात घेणं, ७२० गुणिले ५७६ आणि २५ चौकटींवरच ठेवा. ६४० गुणिले ४८० हा सॉफ्टवेअरचा आवडता आकडा दिसला की बदला. त्यात रेषा कायमच्या एकमेकींत मिसळतात आणि नंतर सुट्या होत नाहीत.

तारा दीड मीटरच्या आत. एस-व्हिडिओची खोबण असेल तर पिवळीऐवजी ती. कॅप्चरचं यंत्र थेट लॅपटॉपच्या यूएसबीत, हबमधून नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की कित्येकदा चित्रात वर सरकणारी फिकट पट्टी आणि आवाजात घुमणं येतं, ते अर्थिंगचं. स्वस्त इझीकॅपछाप यंत्रं अगदीच टाकाऊ नसतात, पण तासाभराने आवाज चित्राच्या मागे पडतो. अशा वेळी वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा, दोन तुकड्यांत मिनिटभराची पुनरावृत्ती ठेवून.

फाइल बिनतोटा, म्हणजे चित्रातलं काही न गमावणाऱ्या प्रकारात साठवा: हफ-वाययूव्ही किंवा एफएफव्ही१. हिशेब असा: ७२० × ५७६ × २ बाइट × २५ म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट, तासाला जवळपास ७५ जीबी. हफ-वाययूव्हीमध्ये ते ३०-३५ वर येतं. पूर्ण कॅसेट उतरवून, लोगोचे तुकडे आणि तुम्हाला हवे ते कार्यक्रम काढून, बाकी बारीक करून ठेवता येतं. उलटं मात्र जमत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. व्हीसीआरच्या मेनूत ‘ब्लू बॅक’ किंवा निळा पडदा बंद करा. सिग्नल कमजोर झाला की व्हीसीआर सौजन्य म्हणून चित्र झाकून निळं करतो. रेकॉर्डिंगच्या शेपटात, म्हणजे नेमकं आपल्या लोगोच्या जागी, सिग्नल कमजोर असतो. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिग्नल गेल्यावर आपोआप थांब’ हेही बंद करा. डीव्हीडी रेकॉर्डरवर कॉपी करून आणलेल्या कितीतरी कॅसेट या दोन सेटिंगांमुळे वाया गेल्या आहेत.

चित्रातला दोष कॅसेटचा, व्हीसीआरचा की प्रसारणाचा?

तळाशी सात-आठ ओळींची थरथरती पट्टी: दोष नाही. एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याची ती जागा; जुने टीव्ही ती चौकटीआड लपवायचे. मूळ फाइलमध्ये कापू नका.

आडव्या मुंग्यांचा पट्टा वर-खाली सरकतो: ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि फितीवरच्या नोंदीची जुळणी. हाताने जुळवा, पण लोगोसाठी जुळवा, आधीच्या कार्यक्रमासाठी नाही. एकाच कॅसेटवर दोन वेगळ्या व्हीसीआरचं रेकॉर्डिंग असलं की दोघांचं ट्रॅकिंग वेगळं.

वरचा भाग एका बाजूला वाकतो: कालजुळणी बिघडलेली, बहुधा फीत ताणली गेल्यामुळे. ओळींची वेळ पुन्हा जुळवणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, असेल तर उत्तम. नसेल तर काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून चित्र नुसतं आरपार नेलं तरी बरंच सरळ होतं.

लाल अक्षर उजवीकडे ओघळतं: व्हीएचएसचा स्वभाव. उजेडाची बारकाई जेमतेम २४० रेषा, रंगाची त्याच्याही कितीतरी कमी. पण रंग अक्षरापासून खाली घसरलेला दिसला तर ती कॅसेट नकलेची नक्कल आहे. प्रत्येक पिढीगणिक तो आणखी थोडा उतरतो.

प्रत्येक अक्षराला उजवीकडे फिकी सावली: हा दोष अँटेनाच्या काळाचा. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून उशिरा पोचलेला तोच सिग्नल. ७२० पिक्सेलच्या फाइलमध्ये सावली साडेतेरा पिक्सेल दूर असेल तर तो तरंग सुमारे ३०० मीटर जास्त फिरून आलेला. ही सावली पुसू नका. घाटापलीकडच्या मुंबईकडे तोंड करून गच्चीवर पाइप उभारल्याची ती सही आहे.

चित्र दर काही सेकंदांनी उजळतं आणि मावळतं: विकत मिळणाऱ्या कॅसेटवरचा नक्कलविरोधी संकेत. घरच्या रेकॉर्डिंगात हे दिसत नाही.

लोगो ‘एचडी’ करू का? कृत्रिम बुद्धिमत्तेने छान धारदार होतो.

होतो, आणि खोटाही होतो. ती साधनं पुसट देवनागरी अक्षर ओळखत नाहीत, ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ करून मोकळी होतात. जतनाची प्रत जशी आहे तशी ठेवा. दाखवायच्या प्रतीत एवढंच करा: दोन क्षेत्रं वेगळी करून २५ ऐवजी ५० पूर्ण चौकटी काढा, बीडब्ल्यूडीआयएफ किंवा क्यूटीजीएमसी फिल्टरने. यॅडिफही चालतं, पण ‘प्रत्येक क्षेत्राची एक चौकट’ हा पर्याय निवडा. फिरत्या लोगोचा गुळगुळीतपणा त्या ५० मध्येच आहे. मग आकार ७६८ गुणिले ५७६ करा, कारण पॅलचा पिक्सेल चौरस नसतो. न केलं तर गोल चकती उभट होते. रुंद पडदा भरायला ताणू तर अजिबात नका.

आवाजाची खरखर काढावी का?

जपून. साध्या व्हीसीआरचा आवाज फितीच्या कडेवरच्या अरुंद पट्टीत, मोनो. खरखर काढणारं सॉफ्टवेअर विरत जाणाऱ्या सनईच्या किंवा झांजेच्या शेपटालाच खरखर समजतं आणि शेवटचा सेकंद पाण्याखाली गेल्यासारखा करतो. ४८ किलोहर्ट्झवर उतरवा, सहा डेसिबलहून जास्त गाळू नका.

रेकॉर्डिंग कधीचं ते कसं ठरवायचं?

लोगोवरून कमी, शेजाऱ्यांवरून जास्त. आगेमागे जाहिरात, बातम्या, ‘व्यत्यय’ची पाटी, काय लागलंय ते बघा. रंगीत प्रसारण असेल तर १९८२ किंवा नंतरचं. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. कोपऱ्यात ‘अल्फा मराठी’ असेल तर १५ ऑगस्ट १९९९ किंवा त्यापुढचं, ‘ई टीव्ही मराठी’ असेल तर जुलै २००० ते २०१५ मधलं. केबलवाल्याने मधेच घुसवलेली शालिमारच्या किंवा मेनरोडच्या दुकानाची पाटी म्हणजे लॉटरी: फोन नंबरचे आकडे जितके कमी, तितकी ती जुनी.

अमेरिकन लोगोंत साल रोमन आकड्यांत असतं. चौकट थांबवून वाचा. एम म्हणजे १०००, सीएम ९००, एलएक्सएक्सएक्स ८०, आयव्ही ४: झालं १९८४. पण हे निर्मितीचं साल. तो भाग आपल्याकडे दहा वर्षांनीही लागलेला असू शकतो.

अमेरिकेतल्या मामांनी पाठवलेली कॅसेट कृष्णधवल दिसते आणि नाचते. खराब आहे का?

नाही, एनटीएससी आहे: ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३० चौकटी. बहुपद्धती व्हीसीआर लागेल आणि कॅप्चरची मांडणीही एनटीएससीवर न्यावी लागेल. काही व्हीसीआर दोन्हींचं मिश्रण बाहेर सोडतात. टीव्हीवर ते झकास दिसतं, कॅप्चर यंत्राला कळत नाही.

ती चमकणारी, रेघा ओढत येणारी अक्षरं संगणकाशिवाय कशी करायचे?

काळ्या फिल्मवर अक्षर पारदर्शक कापायचे, मागून रंगीत जिलेटिन आणि दिवा. कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून अक्षर किंवा कॅमेरा सरकवला की एकाच चौकटीत प्रकाशाची शेपटी उमटते. पुढच्या चौकटीला पुन्हा तेच, किंचित पुढून.

घरी करून बघायचं तर आधी चक्राकार फिरणं करा. चिन्ह स्वतःचं घ्या, द्राक्षाचा घड म्हणा किंवा आद्याक्षर. काळ्या कार्डाची २० सेंटिमीटर व्यासाची चकती कापा, मधोमध टाचणी, खाली ३६० अंशांचा छापील कोनमापक. फोन स्टँडवर, ४० सेंटिमीटर वर, तोंड सरळ खाली. फोकस, उजेड आणि रंगसंतुलन तिन्ही कुलूपबंद. एक जरी सुटं राहिलं तर चित्र लुकलुकतं. झडप १/५० किंवा १/१०० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि एलईडी त्या तालावर थरथरतात.

सुरुवातीला १, २, ३, ४, ५, ६ अंश असं वाढवत न्या, मग ५३ वेळा ६-६ अंश, शेवटी ६ पासून १ पर्यंत उतरवा. बेरीज बरोबर ३६०, स्थिती ६५. प्रत्येक स्थितीच्या दोन चौकटी धरल्या की १३० चौकटी, २५ च्या वेगाने ५.२ सेकंद. सरसकट सारखे अंश घेतले तर चक्र पंख्यासारखं दिसतं, डौल येत नाही. चकती डुलायला लागली तर टाचणीचं भोक मोठं झालंय. मागून पुठ्ठ्याची गोल चिकटी लावा.

हे ऑनलाइन टाकलं तर कायदा?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपट या वर्गात मोडणाऱ्या कृतीचं संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षं, प्रसारणसंस्थेचा स्वतंत्र हक्क २५ वर्षं. कलम ५२ खाजगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी योग्य मर्यादेत वापराला वाव देतं. तीन सेकंदांचा लोगो माहितीसह दाखवणं आणि अख्खा भाग चढवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोगो बोधचिन्ह म्हणून नोंदलेला असू शकतो, तेव्हा तो टी-शर्टवर छापून विकू नका. आणि लग्नाच्या कॅसेटमधून काढलेल्या तुकड्यात घरातली माणसं दिसत असतील तर आधी त्यांना विचारा.

उतरवून झालं. कॅसेट टाकून देऊ?

नको. चार वर्षांनी चांगला व्हीसीआर हाती लागला की त्याच फितीतून जास्त चांगलं चित्र निघतं. मागच्या कडेची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची टिकली मोडून टाका म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकरपासून लांब. वीस कॅसेटच्या हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलला की जेल तापवून पुन्हा वापरा. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

लोगो अर्धाच सापडला. वरचा भाग क्रिकेटच्या रेकॉर्डिंगने खाल्लाय. ठेवायचा का?

ठेवायचा. क्रिकेटकडून लोगोकडे जाताना जिथे चित्र फाटतं, त्याच्या आधीचे दहा सेकंदही ठेवा. अर्ध्या लोगोला ऑनलाइन मिळालेला दुसरा अर्धा जोडून ‘पूर्ण’ म्हणून दाखवू नका. दोन्ही वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या असू शकतात, संगीत तेवढं एक असतं. फाइलच्या नावात संस्था, मालिका, अंदाजे साल, कॅसेटचा क्रमांक आणि फितीवरची वेळ घाला, आणि शेवटी ‘अर्धा’ असं स्पष्ट लिहा. त्याच घरातल्या पुढच्या कॅसेटपासून पुन्हा सुरू करा. मालिका आठवड्याची असेल तर पुढच्या आठवड्याचा भाग बहुधा त्याच हाताने, त्याच व्हीसीआरवर रेकॉर्ड झालेला असतो.